थिन फिल्म सोलर आणि मागे आरशाचे पत्रे: गच्चीवर कुठे लावावं, कुठे लावू नये

दहा पॅनेलं, प्रत्येकी १०० वॅटचं, १२०० बाय ६०० मिलिमीटर मापाचं, दोन काचांच्या मध्ये कॅडमियम टेल्युराइडचा पातळ थर, म्हणजेच थिन फिल्म. त्यांच्यामागे, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, उभे करायचे अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, १२०० बाय ५००, चौकटीत बसवलेले आणि बिजागरीवर दुमडणारे. एक किलोवॅटचा हा जोडसंच ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांना आणि रो-हाऊसवाल्यांना ‘पॅनेलं तेवढीच, युनिट जास्त’ असं सांगून सुचवला जातो. आमचं मत आधीच सांगतो. पॅनेलं चांगली आहेत. आरसे एका ठरावीक जागीच कामाचे आहेत, आणि त्या जागीही ते चौकटीतून काढूनच लावावे लागतात.

पॅनेल हातात आलं की पहिल्यांदा ते उजेडाकडे तिरपं धरून बघा. काळ्या काचेवर वहीच्या रेघांसारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. दोन रेघांमधली पट्टी म्हणजे एक सेल: रुंदी पाच ते आठ मिलिमीटर, लांबी पॅनेलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. लेझरने पाडलेल्या या पट्ट्या एकीला एक मालिकेत जोडलेल्या असतात. अरुंद वाटेवर पुढची बैलगाडी ज्या चालीने जाईल तीच मागच्यांची चाल, तसंच इथे आहे. ज्या पट्टीला सगळ्यात कमी उजेड, तिचा करंट तोच पूर्ण पॅनेलचा करंट.

आरशाचा खेळ या रेघांच्या दिशेवर ठरतो. मागच्या आरशातून येणारा उजेड पॅनेलवर आडव्या पट्ट्यासारखा पडतो. कधी तो पूर्ण पॅनेल झाकतो, कधी फक्त वरचा भाग. रेघा खालून वर, उताराच्या दिशेने जात असतील, तर प्रत्येक सेलच्या वरच्या टोकाला सारखाच जादा उजेड मिळतो आणि सगळ्यांचा करंट एकदम वाढतो. रेघा आडव्या असतील, तर वरच्या सेलांना भरपूर आणि खालच्यांना काहीच नाही, म्हणजे वाढ जवळपास शून्य. त्यामुळे ६०० मिलिमीटरची बाजू उताराला ठेवून पॅनेल आडवं लावायचं असेल, तर रेघा ६०० च्या बाजूला समांतर असलेलंच पॅनेल मागा. काही मॉडेलांत त्या १२०० च्या बाजूने जातात. असं पॅनेल उभं लावावं लागतं, आणि मग आरशाची उंची दुप्पट होते.

साध्या सिलिकॉन पॅनेलमध्ये सेल चौकोनी असतात आणि ओळीओळीने मालिकेत जोडलेले असतात. तिथे अर्ध्या पॅनेलवर पडलेला जादा उजेड बहुतेक वाया जातो. हाफ-कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या सेलांचं, पॅनेल उभं लावलं तर थोडी सुटका होते, पूर्ण नाही. आरशासोबत थिन फिल्म निवडण्याचं खरं कारण हे आहे. विक्रेते मात्र उष्णतेचं कारण पुढे करतात, आणि ते आता जुनं झालं. कॅडमियम टेल्युराइडची ताकद तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.२८ ते ०.३२ टक्के घटते. जुन्या पर्क धाटणीच्या सिलिकॉन पॅनेलची ०.३५ च्या आसपास घटायची, म्हणून तेव्हा फरक दिसायचा. आजचं टॉपकॉन, म्हणजे नव्या धाटणीचं सिलिकॉन पॅनेल, ०.३० च्या आसपासच आहे.

अमॉर्फस सिलिकॉनचं, म्हणजे थिन फिल्मच्याच दुसऱ्या प्रकारचं, जुनं पॅनेल स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. सुरुवातीच्या काही महिन्यांत उजेडानेच त्याची ताकद बरीच उतरते. हा दोष १९७७ सालापासून माहीत आहे.

आता सूर्य. ठाणं आणि नवी मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहेत. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला ७१ अंशांवर. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. मागे उभा केलेला आरसा दक्षिणेचा उजेड परततो, म्हणून तो हिवाळ्याचा सोबती आहे. आपल्याकडे स्वच्छ आकाशही ऑक्टोबर ते मेच असतं. आरशाला थेट ऊन लागतं, पावसाळी पांढरा उजेड त्याच्या काही कामाचा नाही.

१५ अंश कलाचं, दक्षिणेकडे तोंड केलेलं पॅनेल आणि मागे ८० टक्के उजेड परतणारा उभा आरसा धरून हिशेब केला. डिसेंबरात दुपारी थेट उन्हाच्या ४८ टक्के जादा ऊन पॅनेलवर येतं आणि ते पूर्ण ६०० मिलिमीटरवर पसरतं. फेब्रुवारीच्या मध्यावर, किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हा उजेड पॅनेलच्या वरच्या ३७-३८ सेंटिमीटरपर्यंतच पोचतो आणि सरासरी वाढ ३६ टक्क्यांवर येते. २१ मार्चला पट्टा वरच्या १५ सेंटिमीटरचाच उरतो आणि वाढ १७ टक्के होते. एप्रिलनंतर सांगण्यासारखं काही राहत नाही. हे सगळे आकडे स्वच्छ उन्हाचे, भर दुपारचे आणि धुतलेल्या आरशाचे आहेत. आकाशाचा विखुरलेला उजेड, धूळ, तिरप्या किरणांना काचेवर होणारं नुकसान आणि वाढलेली गरमी वजा केली, की हिशेबात निम्मी वाढ धरणं शहाणपणाचं.

कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अशा सपाट, न फिरणाऱ्या परावर्तकांवर चांगलं काम झालेलं आहे. तिथल्या निष्कर्षांचा आधार घेऊन कोणी इथे मोठे आकडे सांगत असेल तर अक्षांश आठवा. किंग्स्टन ४४ अंशांवर आहे. तिथे पॅनेलांचा कल जास्त, ओळींमध्ये मोकळी जागा भरपूर आणि हिवाळ्यातला सूर्य खूप खाली. आपल्या गच्चीला ते गणित लागू होत नाही.

संचातला आरसा ५०० मिलिमीटर उंच आहे. तो पॅनेलच्या वरच्या कडेला चिकटवून उभा केला तर उंची पुरते, पण तसं करू नये. पॅनेलखालची गरम हवा वरच्या कडेनेच बाहेर पडते, ती वाट आरसा बुजवतो. पॅनेल आणि आरसा यांच्यात ७५ मिलिमीटरची फट सोडा. फट सोडली की आरशाच्या तळातला सात-आठ सेंटिमीटरचा भाग पॅनेलला उजेड देत नाही, म्हणून उंची ६०० घ्यावी. पॅनेलच्या पाठीमागे गच्चीपर्यंत मोकळी हवा हवी. खालची कडा स्लॅबपासून निदान ३०० मिलिमीटर वर ठेवा. एरवी भर उन्हात पॅनेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी तापतं, आरशामुळे हा फरक चाळिशीकडे जातो. जानेवारीतल्या ३३ अंशांच्या दुपारी पॅनेल सत्तरी ओलांडू शकतं. त्यात ताकदीचे तीन-चार टक्के जादा जातात. हवा कोंडली तर याहून जास्त, आणि बहुतेक पॅनेलांची ८५ अंशांची मर्यादाही मग फार लांब राहत नाही.

आरसा पॅनेलांच्या ओळीइतकाच लांब ठेवणं ही नेहमीची चूक. डिसेंबरात सकाळी दहाला ऊन आग्नेयेकडून येतं, आरशावर आपटून नैऋत्येकडे जातं. ६०० मिलिमीटर खोल पॅनेलच्या खालच्या कडेला पोचेपर्यंत ते पश्चिमेकडे अर्धा मीटरहून थोडं जास्त सरकतं. त्यामुळे ओळीच्या पूर्व टोकाच्या सेलांना खालच्या भागात जादा उजेड मिळत नाही. टोकाच्या दहा-वीस सेलांमुळे ते पॅनेल अडतं आणि त्याच्यासोबत सगळी स्ट्रिंग, म्हणजे त्याला मालिकेत जोडलेली बाकीची पॅनेलं. दुपारनंतर हाच प्रकार पश्चिम टोकाला. उपाय एकच: आरसा दोन्ही टोकांना ५५ सेंटिमीटर पुढे काढा. दहा पॅनेलांची ओळ १२ मीटर, तर आरसा तेरा मीटर आणि वर दहा सेंटिमीटर. संचात आरसे दहाच येतात. अकरावा मागून घ्या आणि अर्धा-अर्धा कापून दोन्ही टोकांना लावा.

इमारत नेमकी दक्षिणाभिमुख क्वचितच असते. भिंत १५ अंशांपर्यंत वळलेली चालते. ती आग्नेयेकडे वळलेली असेल तर पश्चिमेचं टोक जास्त लांबवा, नैऋत्येकडे असेल तर पूर्वेचं. दिशा बघायला मोबाइलचं होकायंत्र पुरतं, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहेत. फक्त ते लोखंडी टाकीच्या शिडीपासून दोन-तीन मीटर लांब धरा.

आता या संचातला सगळ्यात मोठा दोष. प्रत्येक आरसा २० मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत आहे, म्हणजे शेजारच्या दोन आरशांमध्ये ४० मिलिमीटरची बिनचमकीची उभी पट्टी. भर दुपारी या पट्टीची फिकट सावली पॅनेलवर उभी पडते, नेमकी सेलांना समांतर. सेल पाच-आठ मिलिमीटरचे, पट्टी चाळीसची. पाच-सहा सेलांना पूर्ण लांबीभर आरशाचा उजेड मिळतच नाही आणि पॅनेलचा करंट जिथल्या तिथे राहतो. सकाळी आणि दुपारनंतर ही सावली तिरकी पडते, बऱ्याच सेलांना थोडी थोडी छेदते, म्हणून नुकसान कमी. फायदा जेव्हा सगळ्यात जास्त मिळायचा, नेमका तेव्हाच तो अडतो. नुसत्या डोळ्यांना ही पट्टी नीट दिसत नाही. पॅनेलवर पांढरा कागद ठेवून तो आडवा सरकवला की कळते.

म्हणून पत्रे चौकटीतून काढा. मागे आडव्या अ‍ॅल्युमिनियम ट्यूब लावा, पत्रे एकमेकांवर १० मिलिमीटर चढवून बसवा आणि पुढून दिसणारा स्क्रू एकही ठेवू नका. सांधा दोन मिलिमीटरच्या आत असेल तर चिंता नाही. सूर्याच्या बिंबाची रुंदी अर्ध्या अंशाची, त्यामुळे अर्ध्या मीटरवर एवढी बारीक रेघ आपोआप पुसट होते. स्टँडचा खांब, लाइटनिंग अरेस्टरची दांडी, केबल टीव्हीची वायर यांपैकी काहीही आरशासमोर उभं येऊ देऊ नका. पॅनेलवर थेट पडणारी, सेलला समांतर अशी पाइपची उभी सावली तर त्याहून वाईट. एखादा सेल पूर्ण अंधारात आणि बाकीचे उन्हात अशी वेळ रोज आली तर त्या सेलमध्ये उलटं व्होल्टेज बसून तो कायमचा निकामी होऊ शकतो. आरशाने करंट वाढवल्यावर हा धोका वाढतो.

पत्र्याच्या दर्जाबद्दल. खास परावर्तनासाठी बनवलेला, अ‍ॅनोडाइज करून वर संरक्षक थर दिलेला अ‍ॅल्युमिनियम पत्राच घ्यावा. चांगला पत्रा नवा असताना ८५ ते ९० टक्के उजेड परततो. बाजारातला साधा अ‍ॅल्युमिनियम पत्रा पॉलिश करून लावला तर पहिल्या महिन्यात छान दिसतो. वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा अशा खाडीलगतच्या वस्तीत खाऱ्या हवेने त्यावर पांढरे ठिपके पडू लागतात आणि आरसा धुरकट होतो. स्टेनलेस स्टील टिकतं, पण ६०-६५ टक्क्यांवर थांबतं. भेटवस्तूंच्या वेष्टनासारखी चमकणारी पॉलिस्टरची फिल्म उन्हात तडकते, कडेने सुटते. घरगुती काचेचा आरसा उजेड चांगला देतो, पण त्याच्या मागचा थर कडेकडून काळा पडत आत सरकतो, आणि सातव्या मजल्यावरून फुटली काच खाली गेली तर काय होईल याचा विचारही नको. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, तर स्क्रू आणि नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, आणि दोघांच्या मध्ये नायलॉनचं वॉशर. वॉशर विसरलं तर खाडीच्या हवेत भोकाभोवतीचा अ‍ॅल्युमिनियम आधी गंजतो.

कॅडमियम टेल्युराइड ८५० नॅनोमीटरपर्यंतचाच उजेड वापरतं. त्यापलीकडचा, म्हणजे सूर्याच्या ऊर्जेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग, पॅनेलला फक्त तापवतो. दिसणारा उजेड परतून उष्णता मागे जाऊ देणाऱ्या खास फिल्मा असतात, आणि तत्त्वतः या पॅनेलला त्याच योग्य. गच्चीच्या खर्चात त्या बसत नाहीत.

वाऱ्याचा भाग थोडक्यात सांगता येणार नाही. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्यातून चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन दाब निघतो. १२०० बाय ५०० च्या एका आरशावर म्हणजे सत्तर किलोहून जास्त जोर, आणि उंच इमारतीच्या गच्चीवर त्याहून वाढीव. संचातल्या बिजागऱ्या आणि ६ मिलिमीटरचे बोल्ट पाहता, गच्चीवर मोकळे उभे केलेले हे आरसे पावसाळी वाऱ्यात ठेवू नयेत, असं आम्ही ठामपणे सांगू. तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला, म्हणजे जूनची वाट बघणं उशिराचं. अक्षय्य तृतीयेला आरसे उतरवायचे, दसऱ्याला चढवायचे. मधल्या काळात त्यांच्यापासून मिळणार तर काही नसतंच. उलट मे ते जुलै सूर्य उत्तरेकडे असताना उभा आरसा पॅनेलवर सावली टाकतो. जूनमध्ये सकाळी दहाला ती आठ-नऊ सेंटिमीटर असते, आठच्या सुमारास तीस सेंटिमीटरहून जास्त.

आता जागा, जिच्यावर सगळा निकाल अवलंबून आहे. गच्चीवर पॅनेलांच्या एकापेक्षा जास्त ओळी असतील तर पुढच्या ओळीच्या आरशाची सावली मागच्या ओळीवर पडते. डिसेंबरात सकाळी दहापासून सावली नको असेल तर आरशाशिवाय दोन ओळींत १७ सेंटिमीटर अंतर पुरतं. ६०० चा आरसा आला की तेच अंतर ८३ सेंटिमीटर होतं. चालायला वाट सोडलेली असेल तर फरक कमी दिसेल, तरी ओळ स्वतः ५८ सेंटिमीटरच खोल आहे हे लक्षात घ्या. आरशासाठी दिलेल्या जागेत जवळजवळ आणखी एक ओळ मावते. बहुओळींच्या गच्चीवर हा संच मधल्या ओळींना लावणं हे सरळ नुकसान आहे.

राहते ती सगळ्यात उत्तरेची ओळ. उत्तरेच्या कठड्याची आतली बाजू दक्षिणेकडे तोंड करून असते. लिफ्टच्या खोलीची किंवा जिन्यावरच्या खोलीची दक्षिण भिंतही तशीच. पॅनेलची खालची कडा ३० सेंटिमीटरवर, वरची साडेपंचेचाळीसवर, त्यावर ६० चा आरसा. एकूण उंची १०५ सेंटिमीटर होते आणि हे सगळं चांगल्या उंचीच्या कठड्यात आरामात बसतं. आरसा भिंतीलाच लावल्यामुळे वाऱ्याचा प्रश्न बराच मिटतो, तो उतरवावा लागत नाही, सावली बाहेर पडते आणि टोकांना पुढे काढायलाही भिंत असते. घणसोली-कोपरखैरणेच्या रो-हाऊसमध्ये जिन्याच्या खोलीची भिंत अशीच मिळते. भिंतीचं प्लास्टर मात्र ओळंब्यात नसतं. पत्रा पोटात फुगला की उजेडाचे ठिपके पडतात आणि सेलांना कमी-जास्त मिळतं. ट्यूबखाली पट्ट्या घालून पत्रा सुतात आणा.

पैशाचं बोलू. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट हा नेहमीचा आडाखा. वरची निम्मी केलेली वाढ धरली तर दहा पॅनेलांना आरसे लावून वर्षाला सव्वाशे युनिटच्या आसपास जादा मिळतील. एक जादा १०० वॅटचं पॅनेल वर्षाला १४० हून जास्त देतं. तेरा मीटर आरसा एका पॅनेलचंही काम करत नाही, हे नीट वाचा. जागा असेल तर पॅनेल वाढवा. भिंत मोकळी असेल तर त्या भिंतीवर उभं पॅनेल लावणंही आरशापेक्षा फायद्याचं, कारण दक्षिणेकडे तोंड केलेलं उभं पॅनेल आपल्या अक्षांशावर नीट कललेल्याच्या निम्म्याच्या आसपास वीज देतं. आरशाला अर्थ उरतो तो महावितरणच्या मंजूर भारामुळे किलोवॅट वाढवता येत नसतील तेव्हा. आरशाने युनिट वाढतात, लेबलवरचे किलोवॅट नाही. अनुदानाचंही तसंच: पीएम सूर्यघर योजनेत रक्कम किलोवॅटवर ठरते, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये. आरशाला त्यात काही नाही.

आणि आरसा विकत घेण्याआधी एक डबा पांढरा रंग. त्याच कठड्याला बाहेरच्या वापराचा चांगला पांढरा रंग दिला तर डिसेंबरच्या दुपारी थेट उन्हाच्या दहा टक्क्यांच्या आसपास वाढ हिशेबात येते. आरशाच्या ती पाचव्या हिश्श्याइतकीच आहे, पण भिंतीवरून उजेड सगळीकडे विखरून येतो. सांध्यांची रेघ नाही, समोरच्या इमारतीत चमक नाही, टोकांचा त्रास कमी. बऱ्याच सोसायट्यांना आम्ही आधी हेच सुचवू.

चमकेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. सकाळी आठला सूर्य खाली असताना आरशातलं ऊन थोडंसंच खाली झुकत दक्षिण-पश्चिमेला जातं आणि कठड्यावरून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत शिरतं. समोर जवळ इमारत असेल तर एक आरसा तात्पुरता उभा करून सकाळी आणि संध्याकाळी बघून घ्या, मग ऑर्डर द्या. तक्रारी पक्ष्यांच्याही येतात. बुलबुल आणि साळुंकी स्वतःच्या प्रतिबिंबावर चोची मारत बसतात, आणि पत्र्याच्या वरच्या कडेवर कबुतरं. कडेला ताणलेली तार त्यांना बसू देत नाही, फक्त ती तार आरशाच्या मागून न्या.

सफाई दसऱ्यापासून एप्रिलपर्यंत पंधरा दिवसांनी, घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला आठवड्याने. दिवाळीनंतर एकदा नक्की. आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मग मायक्रोफायबरचं ओलं फडकं. कोरडं फडकं पत्र्यावर बारीक ओरखडे पाडतं आणि ते परत जात नाहीत. बोअरिंगचं पाणी वापरलं तर क्षारांचे डाग राहतात. पॅनेलच्या खालच्या कडेला साचणारी मातीची रेघही काढा. रेघा उभ्या असतील तर तिचं नुकसान थोडंच, आडव्या असतील तर खालचा अख्खा सेल त्या चिखलात बुडतो.

विजेच्या जोडणीत इथे सिलिकॉनची सवय मोडावी लागते. थिन फिल्मचं व्होल्टेज जास्त आणि करंट कमी. १०० वॅटच्या छोट्या पॅनेललाही ओपन सर्किट, म्हणजे काहीच न जोडलेलं असताना, ९० ते १२० व्होल्ट असतं. ११८ व्होल्टची पाच पॅनेलं मालिकेत म्हणजे ५९०, आणि १५ अंशांच्या थंड सकाळी ती ६०० ओलांडतात. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर चारच जोडा. आरशाने व्होल्टेज फारसं वाढत नाही, वाढतो तो करंट, म्हणून फ्यूज बघा. मोठ्या ४००-५०० वॅटच्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावरचा) अडीच अँपिअर आणि सोसणारा फ्यूज ५ अँपिअरचा असतो. दीडपट उजेडाला तो करंट पावणेचार होतो, त्यावर सव्वापट सुरक्षा धरली की ४.७. फ्यूज ४ चा बसवलेला असेल तर डिसेंबरात तो उडत राहील, आणि ५ च्या वर नेणं पॅनेलला मान्य नाही. दीडपटीच्या पुढे उजेड न्यायचाच नाही याचं एक कारण हे. दुसरं पॅनेलच्या आतलं: वरच्या पारदर्शक थराचा रोध लक्षणीय असतो, तिथलं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोनपट.

इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरशिवायचा असेल तर पॅनेल कंपनीची लेखी परवानगी घ्या. काही थिन फिल्म पॅनेलांत ऋण बाजूचं व्होल्टेज जमिनीच्या व्होल्टेजपेक्षा खाली राहिलं, की काचेतलं सोडियम आणि दमट हवा मिळून तो पारदर्शक थर कडेने खराब करतात. तिथे ट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर आणि ऋण टोकाला अर्थिंग लागतं.

हमीपत्र तर शब्दन् शब्द वाचा. आरशांनी किंवा भिंगांनी पॅनेलवर कृत्रिमरीत्या ऊन एकवटू नये, हे वाक्य बहुतेक पॅनेल कंपन्यांच्या बसवण्याच्या पुस्तिकेत असतं. आरसे लावले की २५ वर्षांची हमी जाऊ शकते. संच विकणाऱ्याने पॅनेल कंपनीचं, तुमच्या मांडणीचं माप लिहिलेलं पत्र दिलं नाही तर हा व्यवहार करू नका. विक्रेत्याच्या स्वतःच्या लेटरहेडवरच्या शब्दाला इथे किंमत नाही. फुटलेलं पॅनेल भंगारात किंवा पावसात टाकू नका. त्यात कॅडमियमचं संयुग आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल येतात, तेव्हा ते परत घेण्याची जबाबदारीही त्याच पत्रात लिहून घ्या.

बसवून झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी चादरीची चाचणी करा. निरभ्र दिवस, डिसेंबर-जानेवारी, घड्याळात साडेबारा-पावणेएक. आपल्याकडे सूर्याची खरी दुपार तेव्हा होते. आरसे जुन्या गडद चादरींनी पूर्ण झाका, पाच मिनिटं थांबा, इन्व्हर्टरवर डीसी करंट वाचा. चादरी काढा, दोन मिनिटांत परत वाचा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर प्रत्येक स्ट्रिंगच्या वायरवर लावा. वायर सोडून शॉर्ट करून बघण्याचा उद्योग नको, चारशे व्होल्ट डीसीचा जाळ विझत नाही. करंट पंचवीस ते पस्तीस टक्के वाढला तर काम नीट झालंय. दहाच्या आत राहिला तर आधी रेघांची दिशा तपासा, मग आरशांचे उभे सांधे. दुपारी वाढ चांगली आणि सकाळी दहाला काहीच नाही, तर पूर्व टोकाला आरसा कमी पडतोय. सकाळी आहे, दुपारी तीनला नाही, तर पश्चिम टोक. सकाळी आणि तीनला चांगली, फक्त भर दुपारी बसकण मारते, तर कुठला तरी सांधा उघडा आहे: पांढरा कागद घेऊन पॅनेलच्या मधोमध आडवा सरकवत जा, रेघ सापडेल.